एका आकड्याचा अन्वयार्थ

शब्दाचा अर्थ संदर्भावाचून लागत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. रक्ततपासणीतील आकड्यासही हाच नियम लागू पडतो. भिलाईसारख्या पोलादनगरीत गर्भवतीच्या अहवालात प्लेटलेट, म्हणजे बिंबाणू, १ लाख १० हजार दिसले की घर धास्तावते. कारण २०१८ साली येथे आलेल्या डेंग्यूच्या साथीने 'प्लेटलेट उतरल्या' या शब्दांस मृत्यूची छटा दिली.

वस्तुतः घनमिलिमीटरमागे दीड लाखाखालील संख्या सुमारे ७ ते १० टक्के गर्भवतींत आढळते. बहुतेकींत ही घट गर्भारपणाचीच असते: रक्तद्रव वाढतो, बिंबाणू विरळ होतात, काही अधिक वेगाने खर्ची पडतात. ती उत्तरार्धात दिसते, सहसा लाखाच्या वर राहते, बाळास बाधत नाही व प्रसूतीनंतर काही आठवड्यांत भरून निघते.

मात्र पहिल्या तिमाहीतच संख्या लाखाखाली गेल्यास शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिंबाणूंचा नाश करीत असल्याची शंका घ्यावी लागते. विसाव्या आठवड्यानंतर वाढलेला रक्तदाब, तीव्र डोकेदुखी वा वरच्या पोटातील वेदना सोबत असल्यास प्रिएक्लॅम्प्सियाचा धोका संभवतो. ताप असल्यास डेंग्यू वा मलेरियाचा. कधी नळीतील रसायनामुळे बिंबाणूंच्या गुठळ्या होऊन यंत्राची मोजणीच चुकते; तेव्हा काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हीच पाठचिकित्सा होय.

म्हणून पूर्वीचे अहवाल, गर्भारपणाचा महिना, रक्तदाब व लक्षणे यांसह डॉक्टरांनी तो आकडा वाचावयाचा असतो. एकट्या आकड्यावरून घाबरणे आणि त्याच्यावरूनच निर्धास्त होणे, ही दोन्ही अपवाचनेच होत.