मातीची मूर्ती आणि मनुष्यातील प्रतिमा

भाद्रपद जवळ आला की पेणच्या गणेशमूर्ती पनवेल, नेरूळ, वाशी या वाटेने घरोघर येऊ लागतात. गतवर्षी नवी मुंबईतील आमच्या घरीही श्रींचे आगमन झाले. चार जिने चढून आलेल्या हमालाच्या हातून मूर्ती आम्ही भक्तिभावाने उतरवून घेतली, औक्षण केले. त्या हमालास घोटभर पाणी विचारण्याचे भान मात्र आम्हांस राहिले नाही. ती चूक मनास डाचत असता ख्रिस्ती धर्मचिंतनातील एक जुना विचार वाचनात आला.

देवाने मनुष्य आपल्या प्रतिमेनुसार निर्माण केला, असे बायबलच्या आरंभीच सांगितले आहे. पण देव तर निराकार. मग ही प्रतिमा नाकाडोळ्यांत कशी असणार? संत ऑगस्टिन (३५४–४३०) यांनी ती स्मृती, बुद्धी आणि इच्छा या मनाच्या त्रयीत पाहिली. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांनी प्रतिपादन केले की, देवाला जाणण्याची व त्याच्यावर प्रेम करण्याची उपजत पात्रता मनुष्यमात्राच्या ठायी आहे आणि तीच ही प्रतिमा. ती ईश्वरकृपेने उजळते व अखेर ईश्वरदर्शनात परिपूर्ण होते. पापाने ती मळते, झिजते; परंतु पुसली जात नाही. अर्थात प्रतिमा म्हणजे प्रत्यक्ष देव नव्हे. जीव आणि ईश्वर यांतील भेद तेथे कायमच राहतो. आपल्या अद्वैताहून हा विचार निराळा आहे.

मनुष्याच्या निर्मितीची ही कथा मराठीस परकी राहिली नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मराठीवर लुब्ध झाले, आणि १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या आपल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्यांनी ती ओवीबद्ध केली.

शाडूच्या मूर्तीत आपण प्राणप्रतिष्ठा करून देवास बोलावतो आणि उत्सवान्ती जड अंतःकरणाने तिचे विसर्जन करतो. मनुष्यातील प्रतिमेस मात्र, या चिंतकांच्या मते, विसर्जन नाही. धनी असो वा हमाल, ती त्याच्या ठायी अखंड वसते. मग मूर्तीपुढे हात जोडताना ती वाहून आणणाऱ्याकडे पाठ कशी करावी?

यंदा श्रींची मूर्ती दाराशी येईल, तेव्हा औक्षणाच्या तबकाशेजारी गूळपाण्याचा तांब्याही भरून ठेवावयाचा, असे आमच्या घरी ठरले आहे.