आरोग्यविषयक मोबाईल अ‍ॅप आणि वैद्याचे कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्योपनयनाच्या प्रसंगी आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, त्यातील दोन दंडक आजच्या काळात विशेष चिंतनीय आहेत. रुग्णाच्या घरी जाताना त्या घराला परिचित व प्रवेशाची अनुमती असलेल्या व्यक्तीसह जावे, हा पहिला. त्या घरात जे कळेल ते बाहेर प्रकट करू नये, हा दुसरा. आज वैद्याच्या आधी मोबाईल रुग्णाच्या घरात पोहोचला आहे. हे दोन्ही दंडक त्यालाही लावावयाचे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुणे-सातारा महामार्गालगतच्या नसरापूर येथे भोर व वेल्हे परिसरातील वाड्यावस्त्यांवरून रुग्ण येतात. पावले मोजणारे, रक्तशर्करेची नोंद ठेवणारे, मासिक पाळीची तारीख सांगणारे, तसेच काही प्रश्नांवरून प्रकृती ठरविणारे अ‍ॅप आता अशा गावांतही वापरले जातात. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. मधुमेही रुग्णाने नियमित ठेवलेली नोंद चिकित्सेला साहाय्यकच होते. दुर्गम वस्तीवरील रुग्णाला ई-संजीवनी या शासकीय सेवेद्वारे प्रवासाचा खर्च न करता डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो. प्रश्न आहे तो अनुमतीचा व मर्यादेचा.

१) अनुमती कोणाची? ग्रामीण कुटुंबात एकच स्मार्टफोन अनेकांत वापरला जातो. सासूबाईंची रक्तशर्करा आणि सुनेच्या पाळीची तारीख एकाच यंत्रात असते. अटी न वाचता ‘मान्य’ हे बटण मात्र घरातील मुलगा दाबतो. ज्याचे शरीर, त्याची संमती येथे घेतलेलीच नसते. पाळी चुकल्याची सूचना पडद्यावर झळकते, तेव्हा ती प्रथम कोण वाचेल, हे त्या स्त्रीच्या हाती राहत नाही. एखाद्या घरात याचे परिणाम तिला दीर्घकाळ भोगावे लागू शकतात.

२) माहिती कोठे जाते? पाळीची नोंद ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅपने, माहिती खासगी ठेवण्याचे आश्वासन देऊनही, ती फेसबुक व गुगल यांसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण-सेवांना पुरविली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला होता. ते प्रकरण २०२१ मध्ये तडजोडीने मिटले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्यानंतर संमत झालेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत मिळण्याची, तसेच संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याची आहे. तथापि, ज्याला हा अधिकार माहीतच नाही, त्याला केवळ कायदा कितपत तारणार?

३) निर्णय कोणाचा? वाग्भटाचार्यांनी दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली. प्रश्नावलीवर चालणारे अ‍ॅप यांपैकी केवळ प्रश्न विचारते, आणि तेही आधीच ठरविलेले. सार, संहनन, सत्त्व यांचा निर्णय त्यातून होत नाही. अशा उत्तरावर विसंबून रुग्णाने पथ्य बदलले अथवा चालू औषध बंद केले, तर हानी त्याची होते आणि उत्तरदायी कोणीच नसतो. दूरस्थ वैद्यकीय सेवेसंबंधी मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला स्वतःहून रुग्णाला सल्ला देण्यास वा औषध लिहून देण्यास मनाई केली, ती याच विचाराने. आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठीही केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने एप्रिल २०२० मध्ये स्वतंत्र तत्त्वे दिली.

यंत्राला दोष देऊन वैद्याचे उत्तरदायित्व संपत नाही. त्वग्रोगाचे छायाचित्र वैद्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात टाकणे, हेही घरातील गोष्ट बाहेर नेणेच होय. म्हणून आम्ही वैद्यबंधु-भगिनींसमोर पुढील आचारनियम ठेवीत आहोत :

• अहवाल पाठविण्यापूर्वी ‘हा क्रमांक कोणाचा? तो आणखी कोण पाहते?’ हे रुग्णाला, विशेषतः स्त्रीरुग्णाला, एकांतात विचारावे.
• छायाचित्र रुग्णाच्या स्पष्ट संमतीशिवाय घेऊ नये. चर्चेसाठी पाठविताना नाव व चेहरा वगळावा.
• रुग्ण कोणते अ‍ॅप वापरतो व त्यावरून औषधात काही बदल केला काय, हे प्रश्नपरीक्षेत विचारून केसपेपरवर नोंदवावे.
• ज्या अ‍ॅपकडून आपणास मोबदला मिळतो, त्याची शिफारस रुग्णास करू नये.

या नियमांसाठी वेगळा खर्च लागत नाही. प्रत्येक रुग्णामागे दोन मिनिटे अधिक द्यावी लागतील. आपण काही सांगितले तर ते चार भिंतींत राहील, या विश्वासावरच रुग्ण पाळी, गर्भपात, व्यसन, मनोविकार यांविषयी बोलतो. तो विश्वास एकदा ढळला की रुग्ण लक्षणे लपवू लागतो, आणि लपविलेल्या लक्षणांवर कोणतीही चिकित्सा यशस्वी होत नाही.