नमाने काय करायला हवे होते?

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. दिग्दर्शन विनय आपटे यांचे होते आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. तो प्रयोग पाहण्याचे भाग्य आमच्या पिढीच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. आम्ही ते नाटक वाचले, आणि तेही जळगावच्या वसतिगृहात, एकाच प्रतीभोवती सात-आठ जणांनी बसून, पात्रे वाटून घेऊन मोठ्याने. वाचन दोन रात्रींत संपले, वाद मात्र पंधरा दिवस पुरला. त्या वादाविषयी लिहावे असे वाटले, कारण नाटकापेक्षा आम्हीच त्यात जास्त उघडे पडलो.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, ठिकाण कॉलेज. बापू हा साधा, बुजरा विद्यार्थी आपल्याला गोष्ट सांगतो. सुमित्रा, म्हणजेच मित्रा, ही त्याची मैत्रीण. धीट आणि इतर मुलींहून वेगळी. आपले मन पुरुषांकडे वळत नाही हे तिला उमगलेले असते आणि त्या जाणिवेने तिने एकदा जीव देण्याचाही प्रयत्न केलेला असतो. पुढे कॉलेजच्या नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका म्हणून नमा असते, आणि मित्रा नमाच्या प्रेमात पडते. नमाचा मित्र मन्या दळवी हे सहन करणारा नव्हे. मित्रा आणि नमा यांना भेटायला जागा नसते, म्हणून बापू आपली खोली देतो. शेवटी नमा हातची जाते, बापूही दूर होतो आणि मित्रा आयुष्य संपवते.

आमच्यात सरळ तट पडले. बहुसंख्यांच्या मते सारा दोष नमाचा. तिला मन्याही हवा आणि मित्राही हवी, हे कसे चालेल? दुसरा तट म्हणे, मित्राच हट्टी, समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. तिसऱ्याच्या मते गुन्हेगार बापू, त्याने खोलीची किल्ली द्यायलाच नको होती. हे तट मोठे गमतीचे होते. ज्या मुलाचे स्वतःचे लग्न मामाच्या मुलीशी जवळजवळ ठरल्यात जमा आहे, तोच नमाला सर्वांत जोराने विचारत होता, ‘‘तुला निवड करता येत नाही का?’’

मला वाटते, घोळ या ‘निवड’ शब्दातच आहे. दूरदर्शन मालिकांत आपण नेहमी पाहतो की नायिकेसमोर दोन नायक असतात आणि घराघरांतून वाद रंगतात की तिने याला वरावे की त्याला. त्या वादात एक गोष्ट गृहीत असते, ती ही की दोन्ही रस्ते मोकळे आहेत. नमासमोरचे रस्ते तसे नाहीत. मन्याबरोबर ती रस्त्याने हिंडू शकते. मित्राबरोबर तिला दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर, घड्याळाकडे पाहत बसावे लागते. एका पारड्यात अख्खे गाव आणि दुसऱ्यात एक किल्ली. अशा तराजूत जे होते त्याला निवड म्हणावे का? नमाला मी निर्दोष ठरवीत नाही, ती अप्पलपोटी आहेच. पण अप्पलपोटेपणा करण्याची सोय तिला कोणी करून दिली, हेही पाहिले पाहिजे.

नाटकात पोलीस कुठेच येत नाहीत. खरे म्हणजे १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ तेव्हा होते, आणि जन्मठेपेपर्यंतची शिक्षा त्यात सांगितली होती. पण ते मुख्यतः पुरुषांच्या मानगुटीवर बसलेले होते. मित्राला भीती आहे ती कुजबुजीची. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला. म्हणजे आज मित्रा आणि नमा यांना तुरुंगाची भीती नाही, पण एका रेशनकार्डावर पतीपत्नी म्हणून नाव लागणार नाही. आणि खोली? जळगावात दोन मुलांना खोली भाड्याने सहज मिळते, दोन मुलींना हजार प्रश्नांनंतर मिळते. कुजबुजीला तर कलमच लागत नाही.

वादाच्या शेवटी शेवटी एकाने विचारले, ‘‘या दोघी मुली नसून मुलगे असते तर?’’ खोली एकदम शांत झाली. मुलींबद्दल बोलताना आम्ही न्यायाधीश होतो, आता प्रत्येकजण आपापली चादर नीट करू लागला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर आता मराठीत आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च ज्यूरी पुरस्कार मिळाला. (आम्हा कापूसवाल्यांना बोंड म्हटले की कापसाचेच आठवते, इथे ते निवडुंगाचे काटेरी फळ आहे.) वडील वारल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवस सुतक पाळतो, आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. बाळ्या शेती करतो, त्याच्या मागेही लग्नाचा लकडा आहे. शेवट सांगून रस घालवीत नाही. तेंडुलकरांच्या नाटकाहून यात मोठा फरक आहे तो आईचा. आनंदची आई मुलाला ओळखते आणि त्याच्या बाजूने उभी राहते, नातेवाईक लग्नाचे टुमणे लावीत असतानाही.

दिवाळीत धुळ्याकडे घरी गेलो तेव्हा मित्राची गोष्ट मी आईला सांगितली. तिला लिहिता-वाचता येत नाही. कापूस वेचता वेचता तिने सगळे ऐकले. नमा, मन्या, बापू यांच्यापैकी कोणाचाही तिने निवाडा केला नाही. एवढेच विचारले, ‘‘तिनी मायले कोनी इचारं का?’’ आमच्या पंधरा दिवसांच्या वादात हा प्रश्न कोणाच्याही तोंडून निघाला नव्हता.

येत्या स्नेहसंमेलनात या नाटकाचे अभिवाचन करावे, असा आमचा विचार आहे. बापू व्हायला चौघे तयार आहेत, मन्या दळवीसाठी तर भांडणे आहेत. मित्रा वाचायला अजून कोणी पुढे आलेले नाही. एका विद्यार्थिनीने वाचून पाहते म्हणून प्रत नेली आहे, घरी विचारून सांगते म्हणाली.