पाण्यातले तेल आणि पडद्याची चाळणी



गळीत हंगाम सुरू झाला की आपले सर्वांचे लक्ष तोडणी, उतारा आणि पहिला हप्ता यांच्याकडे लागते. मिलघराच्या गटारातून काय वाहते, तिकडे सहसा कुणी पाहत नाही. पण आपल्या निफाड तालुक्यातच कादवा गोदावरीला मिळते. तिथल्या नांदूरमध्यमेश्वर धरणातून कालव्यांनी पाणी खालच्या शेतांना जाते. २०२० साली हे ठिकाण रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

मिलच्या बेअरिंगांतले वंगण गळते आणि फरशी धुताना पाण्यात मिसळते. साखर कारखान्याच्या सांडपाण्यात लिटरमागे तेल व ग्रीस १० मिलिग्रॅमच्या वर नसावे, असा सरकारी नियम आहे. हिशेब केला तर एक किलो तेल एक लाख लिटर पाण्याला या मर्यादेवर नेऊन ठेवते!

तेल पाण्यावर तरंगतेच, मग हौदात वरून काढून घेतले की झाले, असे वाटेल. मोठे थेंब तसे निघतातही. पण साबण किंवा कॉस्टिक मिसळले की थेंब फुटून फार बारीक होतात, पाणी दुधाळ दिसते. हे तेल लवकर वर येत नाही.

अशा पाण्यासाठी मेंब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा वापरतात. त्याची छिद्रे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतात. पडद्याला पाण्याची ओढ असावी लागते. मग पृष्ठभागावर पाण्याचा थर धरतो, पाणी आरपार जाते आणि तेल अलीकडे राहते. प्लॅस्टिकच्या जातीचे पडदे स्वस्त पडतात. सिरॅमिकचे महाग, पण उष्णता आणि कॉस्टिकची धुणी सोसतात. दोघांचेही दुखणे एकच: तेल चिकटले की छिद्रे बुजतात आणि पाणी कमी निघते. म्हणून पाणी पडद्याला घासत वाहते ठेवतात, शिवाय पडदा वेळोवेळी धुवावा लागतो.

यावरून एक गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते. पडदा हा शेवटचा उपाय आहे. गळती जागीच तबकात धरावी, तेलकट पाणी साबणाच्या पाण्यात मिसळू देऊ नये, हौदावरचे तेल रोज काढावे. एवढे न करता पडदा बसवला तर पैसा पाण्यात.

येत्या वार्षिक सभेत सभासदांनी जरूर विचारावे: हंगामात वंगण किती घेतले, आणि परत किती गोळा झाले?