तीनशे वर्षं कुणी मोजली?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटे उडायला लागले की पांढुर्ण्यात आलेला प्रत्येक पाहुणा एकच गोष्ट ऐकून परत जातो. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. दोघं पळून जाताना नदीत अडकले, काठांवरून दगड आले, आणि तेव्हापासून म्हणजे तीनशे वर्षांपासून गोटमार सुरू आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात हेच छापून येतं. पुढच्या वर्षी तोच पेपर पुरावा म्हणून माझ्यापुढे धरला जातो.

अहो, दहा पेपरांत आलं म्हणून दहा पुरावे झाले नाहीत. एकाच सांगण्याच्या त्या दहा नकला आहेत. मुलाचं नाव कुणी सांगत नाही, मुलीचं नाही, साल नाही. शेवटही एक नाही: कुणी म्हणतो दोघं नदीतच गेले, कुणी म्हणतो पांढुर्ण्याच्या लोकांनी त्यांना सोडवून आणलं. मी शाळेत होतो तेव्हा प्रथा तीनशे वर्षांची होती, आजही तीनशेचीच आहे. काही जण चारशे म्हणतात.

दुसरं सांगणं असं की, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा इथे झेंडा रोवून दगडफेकीचा सराव करत. हे निदान तपासता येतं. चारशे काय, तीनशे वर्षांपूर्वीही या भागावर देवगडच्या गोंड राजांचं राज्य होतं. वारसाच्या भांडणात पहिले रघूजी भोसले पडले आणि सत्ता त्यांच्या हाती आली ती १७४० च्या सुमारास. म्हणजे प्रथा तीनशे-चारशे वर्षांची असेल तर ती भोसल्यांच्या फौजेने सुरू केलेली नाही, आणि फौजेने सुरू केली असेल तर तिला तेवढी वर्षं झालेली नाहीत. तरी एकाच भाषणात दोन्ही ऐकावं लागतं!

मग कुणीतरी पळसाकडे बोट दाखवतो. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याला झेंडा बांधलेला. पांढुर्ण्याचे गडी कुऱ्हाड घेऊन ते तोडायला धावतात, सावरगावचे गोट्यांनी त्यांना मागे रेटतात. झाड म्हणजे ती मुलगी, म्हणून कथा खरी, असं म्हणतात. झाडावरून प्रथा कशी पाळतात ते कळतं. ती कशी सुरू झाली हे त्या झाडावरून कसं कळणार?

कथा मलाही आवडते, मी ती नातवंडांना सांगतो. पण इतिहास म्हणून सांगायची तर त्या काळातला किंवा त्याच्या जवळचा कागद हवा: भोसल्यांच्या दफ्तरातलं मोडी पत्र, इंग्रजी अमलातली एखादी नोंद. रसेलने संपादित केलेलं छिंदवाड्याचं गॅझेटियर १९०७ सालचं आहे. त्यात एखाद्या प्रथेची नोंद मिळाली तर १९०७ च्या सुमारास ती होती एवढं पक्कं होईल. कुणा प्रेमिकांची गोष्ट त्याने खरी ठरणार नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘पांढुर्णा महाराष्ट्रात आहे’: नाही, मध्य प्रदेशात आहे. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. ‘इथली मराठी माणसं बाहेरून आलेली’: माणसं इथलीच आहेत, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. ‘नागपुरी संत्री नागपुरातच पिकतात’: सौंसर-पांढुर्ण्याच्या बागा एकदा बहरात बघून जा.

एक गैरसमज मात्र जिवावर बेततो. चंडीमातेच्या मंदिरातलं भस्म लावलं की गोट्याची जखम भरते, असं अजूनही सांगतात. ‘माझ्या काकांची भरली’ हा त्याचा पुरावा. किरकोळ जखमा काही न लावताही भरतात. ज्याची चिघळली तो आपली गोष्ट सांगत फिरत नाही. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, नदीच्या गोट्यांनाही ती माती लागलेली असते, आणि उघड्या जखमेत राख गेली की संसर्गाचा धोका वाढतो. भस्म कपाळाला लावा. जखम साबणाने, वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.