पाणी फुल्ल, तरी गाडी गरम!

मे महिना, सकाळचे साडेनऊ, अकोला-अमरावती रोड. मागच्या सीटवर मी नोट्स चाळत बसलेली. दुपारी १२ ला अमरावतीत व्हायवा होता. दादा गाडी चालवत होता. बोरगाव मंजू गेलं, कुरणखेडला काटेपूर्णेचा पूल गेला आणि दादा म्हणाला, "एसी गार का नाही येत यार?" मी लक्ष दिलं नाही. दोन मिनिटांत तोच म्हणाला, "अगं, काटा बघ." टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला होता. मग अचानक खाली आला. आम्हाला वाटलं, चला, सुटलो. पाच मिनिटांनी थेट लाल पट्ट्यात.

गंमत म्हणजे आदल्याच दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती. रेडिएटरचा वरचा पाइप फुगला होता म्हणून नवा टाकला, नवीन कूलंट भरलं, अर्ध्या तासात गाडी हातात. बोनेट उघडून बघितलं तर कूलंटची बाटली 'मॅक्स'च्या रेघेपर्यंत भरलेली. गळती कुठेच नाही. मग गाडी तापली कशी?

दादा रुमाल हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवणार, तेवढ्यात मागे उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरकाकांनी आवाज दिला, "थांब बापू! झाकण नको उघडू. तोंड भाजून घेशीन."

काकांचं बरोबर होतं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण सातवीत पाठ करतो. पण गाडीत ते उकळायला नको, म्हणून दोन गोष्टी करतात. एक, पाण्यात निम्मं कूलंट घालतात. दोन, झाकणातल्या स्प्रिंगने सगळी सिस्टिम दाबाखाली ठेवतात. साधारण १ बार दाब वाढला की उकळबिंदू १२० च्या आसपास जातो, कूलंटसोबत त्याहून वर. म्हणजे आतलं पाणी ११०-११५ अंशांवर असूनही शांत असतं. झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं. इंजिन बंद करून निदान पाऊण तास थांबायचं. वरच्या पाइपला हात लावता आला आणि दाबल्यावर तो मऊ लागला, तरच झाकण. तेही एकदम नाही, आधी थोडं फिरवून.

आम्ही लिंबाच्या सावलीत थांबलो. ऊन कसं असतं ते वऱ्हाडातल्या वाचकांना मी काय सांगू? २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हापायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं होतं. याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं. रस्ता मस्तच झालाय, पण सावली मात्र शोधावी लागते.

पाऊण तासाने झाकण उघडलं. बाटली भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा! प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यात गेल्या, तेव्हा कुठे पाणी दिसलं. एसी बंद करून, चाळीसच्या स्पीडने मुर्तिजापूर गाठलं. एका छोट्या गॅरेजमध्ये साठीचे एक मिस्त्री होते. त्यांनी इंजिन चालू केलं, हीटर फुल गरमवर टाकला आणि जाळीपुढे हात धरला. येणारी हवा बाहेरच्या हवेसारखीच.

"एअर हाय आत," ते म्हणाले. "पाणी हाय, पण चालत नाई."

माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "घरी वावर हाय का? विहिरीवरच्या मोटरनं हवा धरली त काय होते?"

"मोटर चालते, आवाज येतो, पाणी येत नाही."

"मग? गाडीचंबी तसंच हाय."

खरंच तसंच आहे. इंजिनचा वॉटर पंप आणि विहिरीवरचा पंप, दोन्ही सेंट्रिफ्युगल. आतलं चक्र पाणी बाहेर फेकतं आणि त्या ओढीने मागचं पाणी येतं. चक्रात हवा आली की फेकायला काही उरत नाही, ओढ संपते. म्हणून शेतात मोटर चालू करण्याआधी पंप पाण्याने भरतात. गाडीत हवेची दुसरी एक खोड आहे. ती उंच जागा शोधते, म्हणजे सिलिंडर हेड, हीटरचे पाइप, थर्मोस्टॅटचं घर. हेड हाच इंजिनचा सगळ्यात तापणारा भाग, आणि तिथेच पाण्याऐवजी हवा. उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेपेक्षा वीसपटीहून सरस. त्या जागचं धातू तापून वाकलं की हेड गॅस्केट जातं, आणि पाइप बदलायला आलेल्या गाडीचं हेड उतरवावं लागतं. बिल हजारोंचं.

काटा वर-खाली का नाचत होता, तेही तिथेच कळलं. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. बुडबुड्यात सापडला तर इंजिन भाजत असताना तो थंड दाखवतो, आणि त्याच्या भरवशावरचा रेडिएटरचा पंखाही सुरू होत नाही. हल्लीच्या अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा. लाल लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे डॅशबोर्डच्या मागून खळखळ असा पाण्याचा आवाज आला, हीटर गार पडला, की समजायचं हवा आहे. आणि भरलेल्या बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण आणि बाजूला बाटली असते, तिथे बाटली फक्त जास्तीचं पाणी सांभाळते. इंजिन गार होताना रेडिएटर ते पाणी परत ओढतो. आत हवा असेल किंवा झाकणातला छोटा वाल्व खराब असेल, तर बाटली भरलेलीच राहते.

हवा काढायचं काम तसं सोपं आहे, फक्त वेळ लागतो. मिस्त्रींनी आधी इंजिन गार होऊ दिलं (व्हायवाची वेळ सांगूनसुद्धा). मग गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, म्हणजे रेडिएटरचं झाकण सगळ्यात उंच येतं आणि हवा तिकडे सरकते. हीटर फुल गरमवर, कारण बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय हीटरकडची वाट उघडत नाही. कापलेल्या बाटलीचं नरसाळं झाकणाच्या जागी घट्ट बसवलं आणि कूलंट बारीक धारेने ओतलं.

"पोरी, इकडे ये. हा पाइप दाब, सोड, दाब, सोड."

मी वरचा पाइप दाबत राहिले. नरसाळ्यात गुडगुड करत बुडबुडे यायला लागले. मग इंजिन चालू. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. थर्मोस्टॅट उघडतो तो साधारण ८२ ते ८८ अंशांना, तोपर्यंत रेडिएटरकडची वाट बंदच असते. नेमकं याच्या आधी घाईतली गॅरेजं झाकण लावून मोकळी होतात, आणि आमचंही बहुतेक तेच झालं होतं. तो उघडला तसा नरसाळ्यातलं कूलंट एकदम खाली गेलं, एक मोठा बुडबुडा वर आला. अजून ओतलं. पंखा एकदा लागला, बंद झाला, परत लागला. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून भाजणारी हवा यायला लागली. मे महिन्यात गाडीचा हीटर लागला म्हणून आनंद झालेले आम्ही जगात पहिलेच असू.

काही गाड्यांत पाइपवर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो. तो सैल करायचा, आधी हवा फुसफुसते, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की घट्ट करायचा. मोठ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर लावून आतली हवा खेचून घेतात आणि त्या ओढीनेच कूलंट भरतात. आणि कितीही वेळ केलं तरी बुडबुडे थांबतच नसतील, तर ती राहिलेली हवा नव्हे. गॅस्केट फुटून सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. मग नरसाळं ठेवा आणि खर्चाची तयारी करा.

दादाने मध्येच विचारलं, "काका, थर्मोस्टॅटच काढून टाकला तर? आमच्याकडे सगळे काढतात."

"काढतेत," मिस्त्री म्हणाले, "अन् मंग मायाकडे येतेत."

आपल्याकडचा हा लाडका जुगाड. इतक्या उन्हात थर्मोस्टॅट हवाच कशाला, असा हिशेब. पण अनेक इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं, म्हणजे उन्हाळ्यात उलट गाडी जास्त तापू शकते. आणि डिसेंबरात इंजिन पुरेसं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं.

दुसरा जुगाड पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलाय. तिथलं विहिरीचं, बोअरचं पाणी माणसाला प्यायला चालत नाही आणि रेडिएटरला मात्र आपण तेच पाजतो. क्षार बारीक नळ्यांत चिकटतात, धातू गंजतो. अडचणीत कुठलंही पाणी घाला, आम्हीही घातलं, पण नंतर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. काढलेलं कूलंट नालीत सोडू नका, त्याची चव गोड असते आणि ते विषारी असतं. गल्लीतली कुत्री चाटतात.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी झाकणाचं रबर आधी बघावं. वर सुमारे ११०० मीटर उंचीवर साधं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, पाच जण बसलेले असताना ते कळतं.

व्हायवाला मी पावणेदोनला पोचले. सरांनी हाताला लागलेला हिरवा डाग बघितला आणि शेवटचा नंबर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना झाकण उघडलं. रेडिएटर काठोकाठ होता, बाटलीतलं पाणी बोटभर खाली गेलेलं. उरलीसुरली हवा निघाली की एवढं उतरतं, असं मिस्त्री सांगूनच गेले होते. मी तेवढं भरलं, दादा चाव्या फिरवत बाजूला उभा होता.