ब्लॉसफेल्ट यांचे वनस्पती-छायाचित्रण
कार्ल ब्लॉसफेल्ट (1865–1932) हे बर्लिनच्या कलाशाळेतील शिक्षक. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. तरुणपणी ते ओतीव लोखंडाच्या कामात उमेदवारी करत होते. विद्यार्थ्यांना वनस्पतींची घडण दाखवण्यासाठी तीस वर्षांहून अधिक काळ ते देठ, कळ्या, बोंडे, नेच्याची गुंडाळलेली पाने टिपत राहिले.

त्यांची पद्धत पाहण्याजोगी आहे. स्वतः जुळवलेला लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा, मागे साधा पांढरा किंवा करडा कागद आणि मंद, पसरलेला नैसर्गिक उजेड. यात ते फारसा बदल करत नसत. बदलत असे ती वनस्पती, तिचा कोन आणि कधी तिची काटछाट: आकार झाकणारी पाने ते सरळ काढून टाकत. हे निसर्गाशी प्रामाणिक नाही, असा आक्षेप घेता येईल. पण आकार समजावून देणे हा हेतू लक्षात घेता तो टिकत नाही. चित्रे मूळ आकाराच्या 30 पटींपर्यंत मोठी केलेली असत. 1928 मध्ये त्यांचे 120 चित्रांचे ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वयाच्या साठीनंतर ते एकाएकी नावाजले गेले.

नवशिक्याला हाच मार्ग मोबाइलवरही चालतो. एकच फांदी, एकच पार्श्वभूमी ठेवावी. आधी फक्त उजेडाची दिशा बदलावी, मग कोन, मग अंतर. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. वारा असेल तेव्हा फांदी घरात आणावी.